पायी येण्यास कारण की

कोल्हापुरात रस्सा किती तिखट असावा आणि कुस्तीत कोणता डाव कधी टाकावा, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु ज्याच्या दारात चालू स्थितीतली दुचाकी उभी आहे त्याने पायी जाऊ नये, याविषयी सर्व पेठांचे एकमत आहे. हे एकमत सम्राट चौगुले याला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते, कारण तोवर त्याने त्याचा कधी भंगच केला नव्हता. मंगळवार पेठेतल्या घरातून कोपऱ्यावर कोथिंबीर आणायलाही तो गाडीवरून जाई. गाडी काढणे, वळवणे, लावणे आणि पुन्हा काढणे यात कोथिंबिरीच्या सौद्याहून अधिक वेळ जाई. पण तसा हिशेब पेठेत कोणी करत नाही.

सम्राट हे नाव वडिलांनी हौसेने ठेवले होते आणि ते त्याच्या अंगाला कधीच बसले नाही. लग्नसमारंभात हा सम्राट खांबामागची खुर्ची शोधे. एका सरकारी कार्यालयात तो आवक-जावक लिपिक होता. आलेले कागद आत घ्यायचे, निघालेले बाहेर सोडायचे आणि दोहोंवर क्रमांक घालायचा. काम त्याच्या स्वभावाला मानवले होते. कागद उलटून काही विचारत नाहीत.

जानेवारीत डॉ. स्नेहल यांनी त्याच्या रक्ताचा अहवाल वाचला आणि चष्मा काढून ठेवला.

"साखर अजून उंबऱ्यावर आहे," त्या म्हणाल्या. "घरात शिरलेली नाही."

"उंबऱ्यावरून परत पाठवता येते?"

"येते. रोज निदान तासभर चाला. दूध, गोड, चहा जपून. तीन महिन्यांनी पुन्हा तपासू. उतरली तर उत्तम, नाहीतर गोळी सुरू करू."

"किती दिवसांसाठी?"

डॉक्टर हसल्या. "गोळीला दिवस नसतात, सम्राट."

त्याचे वडील, भाऊसो, यांची शेवटची अकरा वर्षे त्याने पाहिली होती. सात झाकणांची गोळ्यांची डबी. सोमवार ते रविवार. सकाळी त्या दिवसाचे झाकण उघडल्याचा 'टक्' असा आवाज येई आणि घराला वार कळे. वडिलांचे हसणे, रागावणे, गावच्या जत्रेला जाणे, सारे हळूहळू त्या झाकणांच्या बेताने होऊ लागले होते. एकोणतिसाव्या वर्षी तो 'टक्' आपल्या उशाशी येऊन बसावा, याची सम्राटला मनापासून भीती वाटली. आणि कार्यालय तर घरापासून जेमतेम साडेतीन किलोमीटरवर होते.

दुसऱ्या दिवशी तो पायी निघाला. समोरच्या घरातले आण्णा स्कूटर धूत होते. आण्णा एसटीचे निवृत्त चालक. अजूनही वळणावर हॉर्न ऐकू आला की त्यांचा उजवा पाय आपोआप दाबला जाई.

"काय रं, गाडी बंद पडली?"

"नाही आण्णा. चालत जातोय."

आण्णांनी नळ बंद केला. "आईसंगं भांडलास?"

"नाही हो. चालावं म्हटलं जरा."

"चौतीस वरसं एसटी चालवली मी," आण्णा हात पुसत म्हणाले. "कशापायी? लोकास्नी चालाय लागू ने म्हणून. आन् तू माझ्या डोळ्यांदेखत चालत जाणार? बस मागं."

चौतीस वर्षांच्या सेवेचा अपमान करण्याचे धैर्य सम्राटमध्ये नव्हते. तो बसला. पहिल्या दिवसाची एकूण चाल भरली ती घराच्या पायरीपासून आण्णांच्या स्कूटरपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तो मागल्या बोळाने निघाला. बोळाच्या तोंडाशीच गवळी बाळासो भेटला आणि सम्राट दोन किटल्यांच्या मध्ये बसून दसरा चौकापर्यंत गेला. तिसऱ्या दिवशी एका अनोळखी गृहस्थाने कचकन ब्रेक लावला. "पावणं, पेट्रोल संपलं काय? बसा की."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," सम्राट अगदी हळू म्हणाला. आजाराची वाच्यता रस्त्यावर करणे त्याला मरणप्राय वाटे.

"डाक्टर काय बी सांगत्यात. त्यो स्वतः चालत येतोय काय दवाखान्यात? बसा, लाजू नका."

मग त्याने युक्ती काढली. हातात हेल्मेट धरून चालायचे, म्हणजे लोकांना वाटेल, याची गाडी जवळच आहे. लोकांना वाटले, याची गाडी चोरीला गेली आहे. एका सहृदय माणसाने त्याला सरळ पोलीस चौकीत नेऊन उतरवले आणि घाई असल्याने तो निघून गेला.

"गाडीचा नंबर सांगा," हवालदार म्हणाले.

सम्राटने सांगितला.

"शेवटची कुठं बघितली?"

"घरी. आहे ती घरीच."

हवालदारांनी पेन खाली ठेवले. "मग हितं कशाला आलासा?"

"मला आणलं," सम्राट म्हणाला, आणि हे उत्तर नोंदवून घेण्यासाठी चौकीत कोणताच नमुना नसल्याने त्याला सोडून देण्यात आले.

खरे संकट याहून गोड होते. कोल्हापुरात माणसाला नुसते पोचवून सोडत नाहीत. उतरताना चहा होतो, आणि पोचवणारा गवळी असेल तर गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर थांबून, म्हशीचे समोर काढलेले, काठापर्यंत फेस आलेले दूध होते. 'नको' म्हटले की "दुधानं कुणाचं वाईट झालंय व्हय?" या प्रश्नाला उत्तर नसते. तीन आठवड्यांनी सम्राट वजनकाट्यावर उभा राहिला तेव्हा त्याचे वजन दीड किलोने वाढलेले होते.

"चालताय ना?" डॉक्टरांनी संशयाने विचारले.

"निघतो तर रोज," सम्राट म्हणाला.

या टप्प्यावर शेजारच्या सोनूबाईंनी प्रकरणात लक्ष घातले. त्यांच्या मते सगळा दोष कापडी बुटांचा होता. "असलं बूट घालून कोन जातंय? ज्येला आगगाडी गाठायची हाय त्यो. म्हणून लोकं थांबत्यात. मी सांगतो तुला, चांगलं कातड्याचं पायताण घाल. ऐटीत चाल. म्हंजी कळंल, गडी मुद्दाम चाललाय."

नवे पायताण तेल पाजून, आठवडाभर घरात वापरून मग रस्त्यावर काढायचे असते, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत असते. सम्राटलाही होते. पण सोनूबाईंचा सिद्धांत खरा की खोटा, याचे कुतूहल त्याला आठ दिवस आवरले नाही. दुसऱ्याच दिवशी तो ते घालून निघाला. बिंदू चौकात येईतो दोन्ही अंगठे सोलवटले होते आणि टाचा पेटल्या होत्या. अखेर त्याने पायताण काढले, हातात घेतले आणि अनवाणी चालू लागला.

समोरून बाळासो आला. गाडीचा वेग मंदावला. इतक्या दिवसांच्या सवयीने सम्राटचा एक पाय बसण्यासाठी आपोआप उचलला गेला. बाळासोने त्याच्या पायांकडे पाहिले, हातातल्या पायताणाकडे पाहिले, आणि उजवा हात कपाळाला लावून, "चांगभलं!" असे म्हणून तो निघून गेला.

सम्राट एका पायावर काही क्षण तसाच उभा राहिला.

त्या दिवशी पुढे एकही गाडी थांबली नाही. दोघांनी हात जोडले. एका रिक्षावाल्याने हॉर्न न वाजवता वाट दिली, ही गोष्ट शहराच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. उद्या बूट घालून पाहायचे, परवा अनवाणी, तेरवा पुन्हा बूट, असा त्याने सहा दिवसांचा प्रयोग लावला. बूट असले की दोनशे पावलांच्या आत कोणीतरी "बस की!" म्हणे. पाय उघडे असले की साडेतीन किलोमीटर निर्वेध. गाडीवर बसवून नवस मोडण्याचे पाप कोल्हापुरात कोणी अंगावर घेत नाही.

आपण खोटे बोललो का, याचा त्याने रात्री अंथरुणावर पडून पुष्कळ विचार केला. तो कोणाला काही बोललाच नव्हता. त्याने फक्त चपला काढल्या होत्या. या निष्कर्षाने त्याचे समाधान झाले नाही, पण झोप लागली.

आणि मग तो खरोखर चालू लागला. ज्या रस्त्यांवर तो लहानाचा मोठा झाला ते रस्ते त्याला आता पहिल्यांदा भेटत होते. गाडीवरून सपाट वाटणारे शहर पायांना सपाट नव्हते. एका वळणापाशी जमीन इतकी हळुवार उतरत होती की ती गोष्ट फक्त पोटरीला कळत होती. शंभर पावलांवर भट्टीतल्या चुरमुऱ्यांचा वास संपे आणि ओल्या चामड्याचा सुरू होई. मधल्या पाच-सात पावलांत दोन्ही वास एकमेकांना जागा करून देत. एका फाटकावर 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी होती आणि आत कुत्रे कधी दिसत नसे. नवव्या दिवशी त्याने धीर करून फाटकापाशी बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारले. "मेलं दोन वर्षांमागं," ते म्हणाले. "पाटी काढली तर घर लई मोकळं वाटंल." त्यानंतर ते रोज एकमेकांना मान डोलवून ओळख देऊ लागले. एवढ्या ओळखीला शब्द लागत नव्हते, म्हणून ती सम्राटला परवडत होती.

अनवाणी चालण्याच्या चौथ्या आठवड्यात सोनूबाई तावातावाने घरात आल्या. "पोरानं नवस बोललाय, आन् तू मला सांगितलं न्हाईस?" त्यांनी सम्राटच्या आईला विचारले.

"मला तरी कुठं ठावं हाय?" आईने लाटणे खाली ठेवले. "कसला रं नवस, सम्राट?"

"नवस नाही गं. साखरेसाठी चालतोय, तुला सांगितलं नव्हतं का..."

"गप!" सोनूबाई ओरडल्या. "नवस सांगायचा नसतो. सांगितला की त्येची ताकद जाती. न्हाय म्हणतोय म्हंजी पक्का हाय." मग त्या आईच्या कानाशी लागल्या. "लग्नाचा असंल. दुसरं काय?"

आईने पदराने डोळे टिपले. सम्राटने लाटणे उचलून तिच्या हातात दिले.

परंतु या गैरसमजाच्या पोटी वैद्यकशास्त्राला न साधलेले एक कार्य साधले. डॉक्टरांच्या नावाने नाकारलेला पेढा लोक तोंडात कोंबत असत. आता सम्राट नुसते डोळे मिटून मान हलवी आणि समोरचा हात मागे घेई. "गोड सोडलंय त्येनं," असे लोकच एकमेकांना सांगत. चहा बंद झाला. दूध बंद झाले. रविवारचे मटण आईने स्वतःहून बंद केले, तेव्हा मात्र नवसाचे स्वरूप एकदा खुलासेवार ठरवून घेतले असते तर बरे झाले असते, असे त्याला वाटून गेले.

कार्यालयात गोष्ट लेखी झाली. अधीक्षक विजयसिंह सरनोबत यांनी ज्ञापन काढले: 'आपण कार्यालयात अनवाणी वावरत असल्याचे निदर्शनास आले आहे. सबब, पायी व अनवाणी येण्याचे कारण, त्याचा कालावधी व बाब धार्मिक असल्यास तिचे स्वरूप, याचा लेखी खुलासा तीन दिवसांत सादर करावा.' जाणारे सर्व कागद सम्राटच्याच टेबलावरून जात असल्याने, त्याने ते स्वतःच्या हाताने जावक नोंदवहीत घेतले, क्रमांक घातला, स्वतःला पोचवले आणि मिळाल्याची सही केली. अपमान होत असतानाही कामात खाडाखोड झाली नाही, याचा त्याला थोडा अभिमान वाटला.

त्याने खुलासा लिहिला: 'पायी येण्यास कारण की, प्रकृतीसाठी चालणे आवश्यक आहे. अनवाणी येण्यास कारण की, चपला घातल्यास लोक चालू देत नाहीत.'

सरनोबत साहेबांनी तो वाचला, दार लावून घेतले आणि खुर्ची पुढे ओढली. "हे कागदावर ठीक हाय. आता खरं सांग. माझी बदली व्हावी म्हणून चालतोस, असं समदं हापीस म्हणतंय."

सम्राटच्या पायाखालची गार फरशी एकदम तापली. "नाही साहेब! मी कशाला..."

"अरे, भितोस काय?" साहेबांचा आवाज उतरला. "आई गडहिंग्लजजवळ नेसरीला एकटी असती. तीनदा विनंती अर्ज दिला गडहिंग्लजसाठी. सात महिने झालं, वरनं काय हालचाल न्हाय. कर लेका, नवस जरा कडक कर. कमी पडत असंल तर सांग, दुसऱ्या टोकाला मी उपास धरतो."

सम्राट जागेवर आला. त्याचे मन थाऱ्यावर नव्हते. पूर्वी दुपारी जेवणानंतर त्याला अशी गुंगी येई की तीन ते चार या वेळेत आलेले कागद केवळ टेबलावर साठत. चालू लागल्यापासून ती गुंगी गेली होती आणि हा मोकळा तास कुठे घालवावा हे त्याला समजत नव्हते. त्या दुपारी त्याने टेबलाखालचा जुना गठ्ठा सोडला. अकराव्या कागदावर त्याचा हात थांबला. पत्र पुण्याहून आलेले होते: 'श्री. सरनोबत यांच्या विनंती बदलीच्या प्रस्तावातील त्रुटीची पूर्तता तात्काळ करावी.' तारीख सात महिन्यांपूर्वीची. वेळ, पाकिटावरच्या टपाली शिक्क्याप्रमाणे, दुपारची डाक.

म्हणजे वर काही अडले नव्हते. जे अडले होते ते त्याच्या टेबलाखाली अडले होते.

त्याने ते पत्र नेऊन साहेबांपुढे ठेवले. "साहेब, चूक माझी आहे. हे माझ्याकडेच पडून होतं." साहेबांनी पत्र वाचले, तारीख पाहिली, सम्राटच्या पायांकडे पाहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले. "सात महिने सापडलं न्हाय, आन् आजच सापडलं," ते म्हणाले. "याला काय म्हणायचं?" सम्राटच्या मते याला हलगर्जीपणा म्हणायचे होते. पण ऐकायला साहेब जागेवर नव्हते. ते पत्र घेऊन टंकलेखनाकडे धावले होते. मार्चअखेर आदेश आला. गडहिंग्लज.

यानंतर आवकच्या खिडकीवर अर्जांखेरीज माणसेही येऊ लागली. "माझ्या पोरीच्या बारावीसाठी चार दिवस चाल की." "आमची म्हस गाभण ऱ्हाईना, तेवढं बघ." सम्राट शरमेने अर्धा होऊन म्हणे, "अहो, मी फक्त चालतो." लोक आदराने मान हलवत. बाहेर डांबर तापले होते. दुपारी कामासाठी रस्ता ओलांडताना तो झेब्रा पट्ट्यांच्या पांढऱ्या भागांवरून उड्या टाकत जाई, कारण पांढरा रंग काळ्याहून गार असतो हे ज्ञान त्याला तळपायांनी मिळवून दिले होते. आणि त्या उड्यांतही कोणाला तरी विधी दिसत असे.

एप्रिलच्या दुसऱ्या शुक्रवारी अहवाल आला. दवाखान्यातल्या बाकावर बसलेल्या सम्राटच्या कानात सारखा तो 'टक्' वाजत होता. डॉक्टरांनी कागद उलगडला.

"तीन महिन्यांची सरासरी पाच पूर्णांक सहा," त्या म्हणाल्या. "गोळीची गरज नाही. काय केलंत तरी काय?"

"चाललो."

"मग चालत राहा. थांबलात, तर साखर उंबऱ्यावर परत येऊन बसेल. याचीही मुदत नसते बरं का."

त्याने घरी येऊन आईला म्हटले, "झालं गं काम." त्याला अहवालाविषयी बोलायचे होते. आईने देवासमोर दिवा लावला आणि सोनूबाईंना हाक मारली. नवस फळला होता, आता फेडायला हवा होता. रविवारी सगळ्या गल्लीला पुरणपोळी ठरली.

पंगत बसली. साठ पाने. साखर पळवून लावल्याचा आनंद गूळ घालून साजरा होत होता. सम्राटच्या पानात आईने तुपाची धार धरली तेव्हा त्याला राहवेना. तो उभा राहिला. इतक्या माणसांसमोर तो जन्मात प्रथमच उभा राहत होता, आणि कानशिले तापलेली असतानाही आपला आवाज इतक्या लांब कसा ऐकू जातो आहे, याचे त्याला नवल वाटत होते.

"मी नवस केला नव्हता," तो म्हणाला. "मला साखरेची गोळी लागायची वेळ आली होती. चपला घालून चाललो तर तुम्ही गाडीवर बसवता. म्हणून अनवाणी चाललो. देवाचा यात काही संबंध नाही. माझं चुकलं."

वाढप थांबले. कोणीतरी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"बघितलंसा?" सोनूबाई गहिवरून म्हणाल्या. "अजून सांगत न्हाय. फिटला तरी सांगत न्हाय. ह्येला म्हणायची निष्ठा!"

"चांगभलं!" बाळासो म्हणाला आणि साठ पाने पुन्हा जेवू लागली. सम्राट खाली बसला. एवढ्या कष्टाने बाहेर काढलेले सत्य आवक न होताच परत आले होते. त्याने अर्धी पोळी खाल्ली.

सोमवारची सकाळ कठीण होती. नवस फिटला होता. आता अनवाणी निघावे तर सोनूबाईंनी आधीच बजावून ठेवले होते, "लगीच दुसरा बोलू नगंस, देवालाबी उसंत दे." त्याने पायताण घातले. दाराबाहेर आण्णांची स्कूटर चालू स्थितीत थडथडत उभी होती.

"बस," आण्णा म्हणाले. "आता काय अडचण न्हाय."

खरेच नव्हती. देवाचे काम संपले होते आणि डॉक्टरांना या गल्लीत कोणी विचारत नव्हते. आज बसला तर उद्याही बसणार होता. आणि मग केव्हातरी, एखाद्या सकाळी, पहिले झाकण उघडणार होते. सम्राटने शोधले तेव्हा त्याच्यापाशी एकच कारण उरलेले दिसले, आणि ते तर त्याने स्वतःलाही कधी सांगितले नव्हते.

"आण्णा, मला चालायला आवडतं."

"काय?" आण्णांनी इंजिन बंद केले.

"आवडतं मला चालायला."

सगळी बाके रिकामी असताना उभ्याने प्रवास करणाऱ्या उतारूकडे पाहावे, तसे आण्णा त्याच्याकडे पाहत राहिले. चेहऱ्यावर राग होता, मग दुखावलेपण आले, आणि मग सावकाश, चौतीस वर्षांच्या वाहतुकीतून वाट काढत, तिसरेच काही आले.

"आवडण्यासारखं काय हाय त्यात?"

सम्राटने विचार केला. पोटरीला कळणारा तो उतार, दोन वासांमधली पाच-सात पावले, पाटी न काढणारे ते म्हातारे. "असं उभ्या उभ्या नाही सांगता येणार," तो म्हणाला.

आण्णा खाली उतरले. त्यांनी स्कूटरचे हँडल धरले आणि ती ढकलत सम्राटच्या बाजूला आणली. "चल. बघू तरी काय हाय ते. गाडी असू दे हातात, निम्म्यात पाय भरलं तर बसून तरी येता ईल."

दोघे निघाले. कोपऱ्यावर बाळासोने ब्रेक लावला, किटल्या खणखणल्या. "अवो आण्णा! पेट्रोल संपलं व्हय?"

"टाकी फुल्ल हाय!" आण्णा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले. "तू जा की तुझ्या वाटंनं!"

मग धापा टाकत, सम्राटकडे न पाहता, त्यांनी हाताने खूण केली: जरा हळू चाल.